गोदामावशीची त्रेचाळीस घरं

गोदामावशीवर लिहायचं तर आधी विश्रामसरांवर लिहावं लागतं, आणि त्या माणसावर शाई खर्च करायची मला अजिबात हौस नाही. पण त्यांना वगळलं तर गोष्टच कळणार नाही. सर अर्थशास्त्राचे प्राध्यापक, राहतात ठाण्याला, अठराव्या मजल्यावर. कुटुंबं बचत कशी करतात, विकास आला की ती वाढते की घटते, आणि त्यातून एक घर वर आणि शेजारचं खाली कसं जातं, हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. त्यासाठी त्यांनी निवडलं आमचं गाव. मानपाड्याच्या पुढे, कारखान्यांच्या पाठीमागे. रस्त्यासाठी गावाची जमीन गेली होती, मोबदला ताजा ताजा आला होता, आणि हातात एकदम पैसा आलेली शेतकरी माणसं सरांना हवीच होती.

मीही हवी होते. २०१९ साली मी अर्थशास्त्रात एम.ए. करून घरी बसले होते. बाहेरची मुलं फॉर्म घेऊन आली की आमचे लोक दार लावून घेत. मला निदान चहा तरी मिळाला असता. महिना बारा हजारांवर सरांनी मला घेतलं. मी मेघाली, गावचीच. हे आताच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात आहे आणि तो लपवायचा माझा विचार नाही.

गोदामावशीचं घर आमच्यापासून चौथं. आखूड लुगडं नेसणारी गावातली बहुतेक शेवटची बाई. पहाटे कल्याणच्या घाऊक बाजारातून भाजी उचलायची, आठला मानपाड्याच्या नाक्यावर बसायची, दुपारी दोनला उठायची. आवाज असा, की गिऱ्हाईक घासाघीस न करता पैसे काढायचं. नवरा दामाजी टेम्पो चालवायचा आणि ती दामाजीला. मोबदल्याचा मोठा वाटा दामाजीच्या भावांनी खाल्ला. जे हातात आलं त्यातून दोघांनी बैठ्या चाळीच्या तीन खोल्या बांधून कामगारांना भाड्याने दिल्या. भाजीची पाटी उचलवेनाशी झाली की तीन खोल्यांच्या भाड्यावर बसून खायचं, एवढाच म्हातारपणाचा बेत. मूल एकच, दिशा.

गावात मावशीबद्दल चांगलं बोलणारे कमीच. फटकळ, भांडखोर, कुणाचं ऐकून न घेणारी. मलाही ती फार आवडायची असं नाही. लहानपणी तिच्या दारातल्या जांभळीला दगड मारला म्हणून तिने माझ्या कानाखाली वाजवली होती, ते मी विसरलेले नाही. पण एका बाबतीत तिच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती, ती म्हणजे आहेर.

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. हळदीला गाव जेवतं आणि हळदीलाच आहेर होतो. पूर्वी डोक्यावर तांदळाची पाटी, वर नारळ आणि लुगडं, एवढंच असायचं. ज्या घरी कार्य, त्या घरची पंगत त्याच तांदळावर उठायची. भाताची शेतं गेली तशी पाटीच्या जागी पाकिटं आली, जवळच्या घरांत दोन ग्रॅमची अंगठी आली. रीत तीच राहिली. आज मी तुझ्या घरी नेलं, उद्या माझ्याकडे कार्य निघालं की तू वर चार घालून आणायचं. आहेर हा घराने घराला करायचा, आणि तो घरातल्या कर्त्या बाईने स्वतःच्या हाताने न्यायचा. फक्त एक गोष्ट करायची नाही. मागायचा नाही. मागून घेतलेला आहेर म्हणजे भीक. उपाशी राहील, पण 'तुमच्याकडून आमचं यायचंय' हे वाक्य आमच्याकडची बाई तोंडातून काढणार नाही.

गोदामावशीने वीस वर्षांत त्रेचाळीस घरी आहेर नेला होता, काही घरी दोनदा, काही घरी तीनदा. स्वतःच्या दारात मात्र अजून मांडव पडायचा होता.

त्या वर्षी जानेवारीत मी बत्तीस पानांचा फॉर्म घेऊन तिच्या ओट्यावर बसले. मी विचारलं, "मावशी, बचत किती आहे?"

"कसली बचत? खाऊन उरतंय का?"

"बँकेत?"

"बँकेन हजार रुपये हायत. खाता बंद होव नये म्हनून."

"मग दिशाच्या लग्नाला काय करणार?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी एम.ए. कशी झाले याचीच तिला शंका आली असावी. "का करनार म्हंजे? त्रेचालीस घरं हायत ना."

आणि मग तिने घरं सांगायला सुरुवात केली. कुणाच्या थोरल्याच्या हळदीला किती, धाकटीच्या हळदीला काय, साडी कोणत्या रंगाची, तांदूळ किती किलो. लिहिता-वाचता न येणारी बाई, पण कुठेही अडखळली नाही. मी फॉर्मच्या पाठीमागे लिहीत गेले आणि बेरीज केली. रोख दोन लाख ऐंशी हजार, सात अंगठ्या, तांदूळ आणि साड्या वेगळ्या. पण फॉर्ममध्ये याला जागा एकच होती. रकाना सात, 'समारंभ व भेटवस्तू', आणि तो खर्चाच्या पानावर होता.

मी तसाच फॉर्म घेऊन सरांकडे गेले. म्हटलं, "सर, हे परत येतं. हा खर्च नाही, ही ठेव आहे."

"परत येण्याची हमी काय? पावती आहे? करार आहे?"

"रीत आहे, सर."

"रीत म्हणजे मालमत्ता नव्हे, मेघाली." सर हसले. "आपल्या गावाबद्दल प्रेम असणं चांगलं, पण आकडे भावनेने भरायचे नसतात. सातमध्ये टाक."

मी टाकले. महिना बारा हजार होते आणि समोर सर होते. गोदामावशीचे टाकले, आणि मग गावातल्या दोनशे दहा घरांचे टाकले. उंटावरून शेळ्या हाकणारे सर होते हे खरं, पण शेळ्या दावणीला बांधून दिल्या मी.

मधे टाळेबंदी आली. दुसऱ्या लाटेत दामाजी गेला. मावशी तेरा दिवस बसली आणि चौदाव्या दिवशी नाक्यावर भाजी घेऊन हजर झाली. हिशेब मांडणारे लोक अशा बाईला 'महिला-प्रमुख कुटुंब' म्हणतात.

२०२२ साली सरांचा अहवाल आला. त्यातलं एकच वाक्य गावापर्यंत पोचलं: मोबदल्याच्या शंभर रुपयांतले अडतीस रुपये समारंभात गेले. त्यात आहेर किती आणि डीजे किती, हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं, कारण दोन्ही एकाच रकान्यात होते. गावच्या सुधारणा समितीने समाजमंदिरात सभा बोलावली. समितीचा अध्यक्ष काळुराम. जमिनीची दलाली करतो, पांढरी गाडी, पांढरे कपडे, पांढरे बूट. त्याच्या तीन मुलांच्या हळदी झाल्या तेव्हा एकेका हळदीला दोन-दोन हजार माणूस जेवलं आणि आहेराची पाकिटं ठेवायला मांडवात कपाट आणलं होतं. तिन्ही मुलं उजवून झाली आणि मग या गृहस्थाला काटकसर सुचली.

विश्रामसर मंचावर होते. पडद्यावर त्यांनी अडतीस टक्क्यांचा लाल तुकडा दाखवला. काळुराम उठला आणि त्याने ठराव वाचला: यापुढे गावात कुणी आहेर द्यायचा नाही, घ्यायचा नाही, देणाऱ्याला पाच हजार दंड, घेणाऱ्याला पाच हजार, हळदीला दीडशेच्या वर माणूस नाही. ज्यांच्या घरची कार्यं उरकली होती त्यांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. ती मोठी घरं होती, पुढच्या खुर्च्यांवर होती. ज्यांची कार्यं राहिली होती ते मागे होते, आणि आपलं यायचं बाकी आहे हे बोलायची सोय नव्हती. सरांना शाल-श्रीफळ दिलं. सर म्हणाले, बदल असा आतून यावा लागतो.

मावशी मागे भिंतीला टेकून उभी होती. नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं. मला तिने दंडाला धरून बाहेर नेलं. "मेघाली, दिल्लंय त्याचं का?"

मी म्हटलं, "बघू, मावशी." याहून नालायक उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही.

२०२४च्या पावसाळ्यात दिशाचं लग्न ठरलं. मुलगा हितेश, टिटवाळ्याचा, फ्रिज-एसी दुरुस्त करतो. माणसं चांगली, काहीच मागितलं नाही. तरी दीडशे पानं, मांडव, कपडे, मुलीच्या अंगावर दोन तोळे, असं सगळं हात आखडून धरलं तरी साडेचार लाखांना जात होतं. दिलेला आहेर परत आला असता तर भागलं असतं. नाही आला तर एक खोली विकावी लागणार होती, आणि तीनातली एक खोली म्हणजे म्हातारपणातले चार महिने दर वर्षी उपाशी. तिने ते मला बोटांवर मोजून दाखवलं.

आधी ती काळुरामकडे गेली. मला बरोबर नेलं, कारण 'कागदावरची पोरगी' बरोबर असलेली बरी. काळुरामने बसायला खुर्ची दिली, पण पंखा लावला नाही.

मावशी म्हणाली, "कालू, मी मागायला नाय आयले. ज्यांनी आधी घेतलंय त्यांना एकदा परत करू दे. मंग कर तुझा कायदा."

"गोदे, नियम सगल्यांना सारखा. तुला सोडला तर उद्या दहा येतील."

"येव दे. त्यांनी पन दिल्लंय."

"प्रोफेसरने शाबित केलंय, पैसा वाया जातो. मी काय मनाने केलं? शिकलेल्या मान्साने सांगितलं म्हणून केलं." मग तो पुढे वाकला आणि आवाज गोड केला. "अडचण असंल तर एक खोली मी घेतो. साडेचार देतो. तुझ्यासाठी."

त्या खोलीचे बाजारात सात लाख येत होते, आणि ते त्या खोलीतल्या भाडेकरूलाही माहीत होतं. मावशी उठली. तिच्या तोंडून शिवी येईल म्हणून मी वाट पाहत होते, पण ती काहीच बोलली नाही, आणि मला पहिल्यांदा तिची काळजी वाटली.

त्याच महिन्यांत सरांच्या अभ्यासाची दुसरी फेरी चालू होती. तीच घरं, तेच बत्तीस पानी फॉर्म. गावाची बचत घरटी एकतीस टक्क्यांनी वाढली होती. सर खूश होते. परदेशातल्या परिषदेत वाचायचा निबंध जवळजवळ तयार होता. आकडे संगणकात मी चढवत होते. एका दुपारी मला राहवलं नाही आणि मी घरं दोन ढिगांत लावली: ठरावाआधी ज्यांच्याकडची लग्नं उरकली ती एका बाजूला, ज्यांची राहिली ती दुसऱ्या. पहिल्या ढिगातल्या जवळजवळ प्रत्येक घराची बचत वाढली होती. दुसऱ्या ढिगातल्या घरांनी खोल्या विकल्या होत्या, दागिने गहाण टाकले होते, दोन घरांनी मुलीचं लग्न पुढे ढकललं होतं. मला समजायला दहा मिनिटं लागली आणि मग इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. गावाची बचत वगैरे काही वाढलेली नव्हती. द्यायचे पैसे लोकांनी दिले नव्हते, बँकेत ठेवले होते, आणि सरांनी त्याला बचत म्हटलं होतं.

तेव्हा मी मावशीला घेऊन ठाण्याला गेले. रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायचं नाही म्हणून तिने शिराळी, भेंडी आणि कोवळी काकडी अशी दोन पिशव्या भाजी घेतली. सरांच्या पत्नींनी दार उघडलं, पिशव्या आत नेल्या, चहा दिला आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत. मी सरांना कागद दाखवले. सरांनी चष्मा वर केला, खाली केला.

"रंजक आहे," ते म्हणाले. "पण नमुना लहान आहे, मेघाली. दोन ढिगांमध्ये इतरही फरक असतील."

"सर, मग मावशींनाच विचारा."

सर तिच्याकडे वळले. त्यांच्या आवाजात ती मऊ आस्था आली, जी ते फक्त फॉर्ममधल्या लोकांशी वापरतात. "बाई, तुमचं म्हणणं फार मोलाचं आहे. यावर स्वतंत्र निबंध होऊ शकतो. आपण एकदा सविस्तर मुलाखत करू या का?"

"मना मुलाखत नको. त्या कालूला दोन ओली लिवून द्या. का आहेर म्हंजे उधलपट्टी नाय, ठेव हाय."

"असं मला लिहिता येणार नाही. मी समितीला ठराव करायला सांगितला नव्हता. मी फक्त निष्कर्ष मांडले."

मी म्हटलं, "सर, तुम्ही मंचावर होतात. शाल घेतलीत."

त्यांना राग आला. शाल हा शब्द लागला असावा. ते म्हणाले, "एका घरावरून धोरण बदलत नसतं. आणि प्रथा वाईट आहे, हे तर तुम्हीही मान्य कराल? आमच्या मुलीचं लग्न आम्ही नोंदणी पद्धतीने केलं. कुणाकडून काही घेतलं नाही."

"दिल्लंत का कुनाला?" मावशीने विचारलं.

"नाही. आम्ही देतही नाही."

"मंग तुमचं बरोबर हाय," मावशी म्हणाली. "तुमी दिल्लंच नाय. मी दिल्लंय."

सरांनी वही उघडली. मग त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. तिचं वाक्य टिपून घेतलं त्यांनी, आणि कुठल्यातरी परिषदेत ते वाचलंही असेल. पत्र मात्र दिलं नाही. मी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली, पण आता त्याचा काय उपयोग? वरातीमागून घोडं.

खोली काळुरामनेच घेतली. दुसरं गिऱ्हाईक यायला लागलं की समितीचं कुणीतरी त्याला 'कागदपत्रं नीट बघून घ्या हो' असं सांगायचं. साडेचार लाख, एक रुपया वर नाही.

फेब्रुवारीत हळद लागली. दीडशे माणूस, मोजून. दारात समितीचे दोघे जण बसले होते, पाकीट घेऊन कुणी आत जाऊ नये म्हणून. बायका आल्या, मुलीला हळद लावली, रिकामे हात पदराखाली घेऊन पानावर बसल्या. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा काळुराम आला. त्याच्या हातात काचेच्या चौकटीतलं सन्मानपत्र. त्याने गाण्यांचा माइक घेतला आणि म्हणाला, की विधवा बाई असूनही गोदाबाईंनी आदर्श घालून दिला, विधवेच्या घरचं हे आपल्या गावातलं पहिलं बिनआहेराचं लग्न आहे, म्हणून समितीतर्फे त्यांचा सन्मान. टाळ्या वाजल्या.

मावशी आली. सन्मानपत्र तिने हातात घेतलं नाही, माइक घेतला.

"बिनआहेराचा लगीन नाय यो," ती म्हणाली. "यो आहेर मी आधीच देऊन बसलंय."

आणि मग, आमच्या गावात कधीही कुणी बाई बोलली नव्हती ते ती बोलायला लागली. पहिलं घर काळुरामचं. थोरल्याच्या हळदीला अकरा हजार आणि अंगठी. मधल्याच्या हळदीला पंधरा हजार, वहिनीला हिरवी पैठणी. धाकट्याच्या हळदीला पंधरा हजार, अंगठी, पन्नास किलो तांदूळ. मग दुसरं घर. मग तिसरं. आवाज चढवला नाही, नाक्यावर ओरडायची तशी ओरडली नाही. समोर पानावर बसलेल्या माणसांकडे बघून, एकेकाचं नाव घेऊन सांगत गेली. लोकांचे हात थांबले. दिशा हळदीच्या अंगाने उठून आली आणि "आई, नको ना, आई, बस" म्हणत तिचा हात ओढत होती. टिटवाळ्याची चार माणसं आली होती, ती खाली मान घालून बसली.

काळुरामचं तोंड काळंनिळं झालं. तो म्हणाला, "गोदे, आहेर मागतेस? लाज वाटत नाय?"

"वाटते ना," मावशी म्हणाली. "म्हनून तर मागत नाय. फक्त सांगतंय. मी दिल्लं नाय असा कागूद माज्या घरान लागनार नाय."

सतरावं घर आमचं, कमलेश माझा भाऊ. "मंजुलाचं घर. कमलेशच्या हळदीला पाच हजार, दोन ग्रॅमची अंगठी, मंजुलाला अबोली साडी, पंचवीस किलो तांदूल." माझी आई मंजुळा माझ्या शेजारीच बसली होती. तिने पानातला भात बोटांनी एका बाजूला केला आणि ती उठली. तिच्या पाठोपाठ आमची पंगत उठली. अठराव्या घरापासून पुढची नावं मावशीने रिकाम्या पानांपुढे घेतली. त्रेचाळीस पूर्ण केली आणि मग माइक बंद केला.

त्या आठवड्यात चार बायका आहेर घेऊन तिच्या मागच्या दाराने गेल्या. चौघी गरीब घरच्या. एकीने तर दंड झाला तर होऊ दे म्हणून दिवसाढवळ्या नेलं. बाकीची एकोणचाळीस घरं हलली नाहीत. उलट गावात बोलणं असं झालं की गोदेने मागून घेतलं, गोदेने लाज सोडली, मुलीच्या अंगावर हळद असताना पंगत उठवली.

आमच्या घरी मी त्याच रात्री आईशी भांडले. म्हटलं, "आई, आपण द्यायचे आहेत. तू काढून ठेवले होतेस, मला माहीत आहे." तिने ठेवले होतेच. कमलेशच्या लग्नानंतर दिशासाठी म्हणून तिने वीस हजार वेगळे काढले होते. ठराव झाल्यावर त्यांची एफडी केली. दुसऱ्या फेरीत आमच्या घराचा फॉर्म निशा नावाच्या माझ्या सहकारी मुलीने भरला, आणि एफडीचा आकडा बचतीच्या पानावर संगणकात चढवला मी. सरांच्या त्या एकतीस टक्क्यांत आमचं घरही होतं.

आई म्हणाली, "दंड कोन भरनार? आन गावासमोर मागितल्यावर मी नेऊ? मेले तरी नेनार नाय."

"तिने मागितलं नाही. सांगितलं."

"तू गप. खर्च म्हनून कुनी लिवलं होतं? मी लिवलं?"

 शेवटच्या दोन पगारांतले वीस हजार मी पाकिटात घातले आणि मावशीकडे गेले. ती ओट्यावर दुसऱ्या दिवशीची मेथी निवडत होती. पाकिटाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"यो कुनाचा?"

"माझा, मावशी."

"तुला मी कवा दिल्ता? तुझ्या घरी नेल्ता मी. आयशीला पाठव." एवढं बोलून तिने मेथीची जुडी बांधली.

आता ती नाक्यावर दुपारी दोनऐवजी रात्री आठपर्यंत बसते. मी तिच्याकडूनच भाजी घेते. ती भाव सांगते, सुटे पैसे मोजून देते, माझ्याशी बोलत नाही. आई वाट वाकडी करून दुसऱ्या गल्लीतून जाते, मावशीच्या ओट्यावर अजून गेलेली नाही. एफडी मार्चमध्ये पिकली. कमलेशने त्यात स्वतःचे पंधरा हजार घातले आणि एसी आणला, आमच्या पुढच्या खोलीत बसवला. बसवायला टिटवाळ्याहून हितेशच आला, दिशाचा नवरा. कमलेशने स्वस्तात होईल म्हणून त्यालाच बोलावलं. तो दोन तास भिंतीला भोकं पाडत होता, आईने त्याला चहा दिला आणि मजुरीतले दोनशे कमी केले. मी त्या खोलीत झोपत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात बाहेर पडवीत पडून राहते, आणि आई आतून म्हणते, ये आत, नाटकं करू नको.